साखरखेर्ड्याच्या एसटीत आलेला व्हिडिओ

तुमच्या भावांचं कौतुक पुरे आता, माझ्या दादाचं ऐका. भाऊबीज करून मी साखरखेर्ड्याहून सासरी निघाले होते. मी ओवाळताना आईनं म्हटलेल्या गाण्याचा व्हिडिओ दादाच्या फोनमध्ये होता, आणि मोठा असल्यानं नेटवरून काही जाईना. एसटीत बसल्यावर मला त्याची आठवण झाली. दादानं खिडकीखाली उभं राहून ब्लूटूथनं फोनला फोन जोडला, आणि व्हिडिओ अर्धा येतो न येतो तोच गाडी सुटली!

"दादा, तुटंल ना आता!"

"काऊन तुटंल? फोन खिडकीले लावून धर, मी येऊन राह्यलो."

फोन खिशात टाकून, मोटारसायकलला किक मारून हा पठ्ठ्या खिडकीखाली हजर! कंडक्टर ओरडले, "ड्रायव्हरसाहेब, हळू घ्या, ताईचा व्हिडिओ येऊन राह्यला!" मागच्या सीटवरच्या आजी सारख्या विचारत, "किती आला व माय?" अख्खी गाडी हसत होती, मी तर पोट धरून.

गावाबाहेर पडेपर्यंत व्हिडिओ पूर्ण आला. मी ओरडले, "आला रे दादा, जाय आता घरी!" तर हा कानाला हात लावून विचारतो, "काय?" मी परत ओरडायची, हा परत "काय?" असं करत गडी पुढच्या गावापर्यंत, लव्हाळ्यापर्यंत आला की!

तिथं गाडी थांबल्यावर मी खिडकीतून वाकून म्हटलं, "बहिरा झाला काय रे दादा?"

"पहिल्याच हाकेले ऐकू आलं होतं," दादा म्हणाला. "पण दरसाल तू रडत जाते. आज हासून राह्यली होती, म्हटलं चालू दे जरा."