रोमचं देऊळ, कोंडाण्याचं लेणं

घाट चढण्यासाठी कर्जत स्टेशनात पुण्याच्या गाडीला मागून इंजिन जोडत होते. माझ्या खिडकीखाली साहेबाबरोबर विलायत फिरून आलेला एक खानसामा आणि त्याला न्यायला आलेली त्याची आत्या बोलत उभी होती.

"आत्ये, इटलीत रोम म्हणून गाव हाय. तिथलं देऊळ बघशील तर येडी होशील!"

"आपल्या भैरोबाच्या देवळाएवढं हाय?"

"अगं, भैरोबा देवळासकट त्याच्या दारात मावंल! मी वहाणा बाहेर काढल्या आन् पागोटं सावरून आत शिरलो. दरवान धावत आला. म्हणं, डोईवरचं काढ, पायातलं घाल."

"अगं बया! बोडक्या डोक्यानं देवाफुडं?"

"आत दोन्ही अंगाला खांबांची रांग, वर कमानीचं छत, टोकाला भिंत गोल वळलेली. मी वरडलोच, ह्ये तर आमच्या कोंडाण्याचं लेणं!"

"जिथं पावसात आपली गुरं बसत्यात, त्ये?"

"त्येच! त्यांनी चिऱ्यावर चिरा रचलाय, आपलं अख्ख्या कड्यातून कोरलंय. सायबाला सांगितलं तर हसला."

"हसू दे. घरी चल हिरामणा, भाकरी निवतीय."

"घरी मागनं. आधी लेण्यात जानार. लहानपणापासून तसाच आत शिरत आलो गं! आज वहाणा बाहेर काढून जानार."

"काढ, बाबा. लहानपणी तुला वहाणा हुत्या कुठं?"