विम्बल्डनची रंगीत तालीम, धरमपेठेत

शोभाताई : म्हटलं होतं की नाही मी तुले? ज्याले जायचं आहे त्याचंच नाव टाक. तर म्हणे, "आई, लागतंय कुठे!"

अदिती : हो, म्हणाले. अहो, जगभरातून लोक त्या सोडतीत नावं टाकतात. बेसामधल्या फ्लॅटमध्ये भाजी निवडता निवडता भरलेलं नाव निघेल, असं कुणाला वाटलं असतं?

शोभाताई : निघालं ना पण! विम्बल्डनची दोन तिकिटं. अन् नाव कोणाचं? सुनेचं! जिले ड्यूस म्हणजे काय ते अजून समजत नाही.

अदिती : तुमचा ईमेल नव्हता म्हणून माझा टाकला. तिथे स्पष्ट लिहिलं होतं, ज्याचं नाव त्यानंच यायचं, तिकीट दुसऱ्याला देता येणार नाही. वाचलं आणि पुढे गेले.

शोभाताई : अन् पाच वर्षांच्या आतलं लेकरू आत घेत नाहीत, ते?

अदिती : ते नंतर वाचलं.

शोभाताई : म्हणजे तुझ्याबिगर मले जाता येत नाही, अन् नूपुरले तुले नेता येत नाही. म्हणूनच तर ही तालीम. दे तो फोन इकडे.

अदिती : एकदाच घरच्या कॅमेऱ्यात बघते. फक्त हॉलचा.

शोभाताई : पोट्टी बापाजवळ आहे वं, वाघाजवळ नाही.

अदिती : वाघाला निदान स्वतःची पिल्लं सांभाळता येतात. तुमच्या मुलाला वरणभात कालवताना पाहिलंय मी. वरण एकीकडे, भात एकीकडे, आणि मधे चमचा उभा.

शोभाताई : वाघीण सांभाळते पिल्लं. वाघ नाही. अन् कालवणं काही शास्त्र नाही. पोट्टीच शिकवते त्याले.

अदिती : आई, ती जन्मल्यापासून मी एक रात्र तिच्याशिवाय झोपलेली नाही.

शोभाताई : आज झोपशीन. तुझंच माहेर आहे, तुझाच पलंग आहे, आईबाबा तुझे अमरावतीले लग्नात जिलेबी खाऊन राहिले. यापेक्षा सोपी परीक्षा कुठून आणू? नागपुरातल्या नागपुरात बेसा ते धरमपेठ जमलं नाही, तर लंडन राहू दे. उद्या संध्याकाळपर्यंत त्यांना हो की नाही कळवायचं आहे ना?

अदिती : हो. नाही कळवलं तर तिकिटं दुसऱ्याला जातात.

शोभाताई : मग बस. मौद्याच्या शाळेत जन्मभर पोरींना खो-खो शिकवला मी. नवीन पोरींची एकच खोड. खो देतात, अन् देऊन झाल्यावरही उभ्याच. थोडं आणखी पळू का बाई, थोडं बघू का बाई. फाउल! खो दिला की त्याच्या जागेवर बसायचं. मग पळणारा पळते. तू सकाळी पुष्करले खो दिला ना?

अदिती : दिला.

शोभाताई : मग दिवसभर उभी काहून? गॅलरीत किती चकरा मारल्या तू? खालचा वॉचमन वर पाहून राहिला.

अदिती : बसते, बसते. पण मला एक सांगा. इतकं काय आहे हो तिथे? टीव्हीवर सगळं दिसतं की.

शोभाताई : दिसते. ऐकू येत नाही.

अदिती : म्हणजे?

शोभाताई : दर साली जुलैमध्ये मी टीव्हीसमोर बसत होती, अन् बाजूले तुझे सासरे. महादेवरावांनी एक पॉइंट मले सुखानं पाहू दिला नाही. "अरे मार ना! अरे काय झोपला काय! गेला, गेला, बाहेर गेला!" त्या खेळाडूले मराठीत शिकवत. आता ते नाहीत, तर ते टीव्हीतले कॉमेंट्रीवाले दोघं बोलून राहतात, थांबतच नाहीत. मले एकदा तिथं बसून ऐकायचं आहे. हजारो लोकं बसले आहेत, अन् कोणी तोंड उघडत नाही. फक्त चेंडूचा आवाज. ठक्. अन् मग गवतावरचा, तो एकदम बारीक.

अदिती : बाबा तर तुमच्या कानात बोलतीलच की तिथेही.

शोभाताई : बोलतीन ना! तेवढी सूट आहे त्यायले.

अदिती : आणि तुम्ही? नागपूरच्या बाईला हजारो लोकांत गप्प बसता येईल?

शोभाताई : त्याची तालीम पुढच्या आठवड्यात.

अदिती : तिथे स्ट्रॉबेरीवर साय ओतून खातात म्हणे.

शोभाताई : खाऊ. पण मी वाळलेली बोरं नेते, तिखटमीठ लावलेली. शेजारी कोणी गोरी बाई बसली तर तिलेही देऊ. अन् संत्राबर्फी. काय शोधून राहिली तू बॅगेत?

अदिती : चार्जर... अगं बाई.

शोभाताई : काय झालं?

अदिती : ससा.

शोभाताई : कोणता ससा?

अदिती : नुपूचा! कापडी. तो इथे आलाय, माझ्या बॅगेत. आई, त्याच्याशिवाय ती झोपत नाही. त्याचा कान तोंडात धरल्याशिवाय डोळा लागत नाही तिचा. मी ऑटो बोलावते. देते आणि परत येते, घरात पाऊलसुद्धा टाकत नाही, दारातूनच...

शोभाताई : कोणी टाकला तो बॅगेत?

अदिती : मीच टाकला असणार. कळलंच नाही. कपडे भरत होते, हात गेला असेल.

शोभाताई : हात गेला. वा! हातानंच परतीचं कारण भरून आणलं.

अदिती : हसू नका ना. ती रडत असेल. अंधार पडला. पुष्करनं घरभर शोधला असेल तो ससा. चप्पल कुठेय माझी?

शोभाताई : बस खाली. कोणी रडून नाही राहिलं. दुपारी झोप झाली नव्हती तिची, दिवे लागले तशीच लवंडली. बापाच्या गंजीचं टोक तोंडात धरून.

(अदिती चप्पल शोधायचं सोडून सासूकडे वळते.)

शोभाताई : काय पाहून राहिली?

अदिती : आई. तुम्हाला कसं कळलं?

शोभाताई : अंदाज.

अदिती : गंजीच्या टोकासकट अंदाज?

शोभाताई : चहा थंड होऊन राहिला तुझा.

अदिती : चहा करायला म्हणून आत गेलात, किती वेळ लागला तुम्हाला! गॅस पेटवल्याचा आवाज नाही, कपाचा आवाज नाही. कुणाला फोन केलात? खरं सांगा.

शोभाताई : यमुताईले. तिकडे बेसाले, आपल्या खालच्याच मजल्यावर तर राहते ती. सहज म्हटलं, जाऊन एक चक्कर मार.

अदिती : सहज.

शोभाताई : दोनदा म्हटलं.

अदिती : म्हणजे माझा फोन काढून घ्यायचा, आणि स्वतः मोरीच्या बाजूला उभं राहून... आई, हे काय झालं सांगा. तुमच्या शाळेत याला काय म्हणत?

शोभाताई : फाउल. बरं बाई, फाउल. नात आहे माझी, दगड नाही मी. पण बोलत बसू नको, तो पहाय तुझा फोन वाजून राहिला.

(पडद्यावर पुष्करचं नाव. अदिती स्पीकर लावते.)

पुष्कर : अदिती, हळू बोल. झोपली आहे ती.

अदिती : कळलं. जेवली?

पुष्कर : पूर्ण वाटी. मलाच म्हणाली, "बाबा, अश्शं कालव."

शोभाताई : म्हटलं होतं!

पुष्कर : आई, तू पण आहेस का? यमुताई दोनदा येऊन गेल्या यार. एकदा दही मागायला, एकदा तेच दही परत करायला.

अदिती : मग आता फोन कशाला केलास? काही झालं का? ताप? खोकला?

पुष्कर : काही नाही झालं. तेच तर. काहीच होत नाहीये. टीव्ही लावला तर ती उठेल. माझी गंजी तिच्या तोंडात आहे, त्यामुळे मी हलू शकत नाही. तू असती तर निदान टोकलं असतं काही. तुम्ही सकाळी किती वाजता निघणार?

शोभाताई : अरे, अजून लंडन बाकी आहे!

पुष्कर : माहीत आहे ना. जा तुम्ही, बिनधास्त जा. मी फक्त विचारलं.

अदिती : जेवलास तू?

पुष्कर : भूक नाही. ठेवतो, कुशीवर वळली ती.

शोभाताई : पाहून घे. पोट्टी पास झाली.

अदिती : मी?

शोभाताई : तू काठावर. मी नापास. पण मले काय विचारते, तिकीट तुझ्या नावावर आहे. टीव्ही कुठं पळून नाही चालला. तुझं मन होत नसन तर...

अदिती : बघा, तुम्हाला एक पॉइंट शांतपणे ऐकायचा राहिलाय. इकडे या. हे बटण. "हो" कळवायचं ते हे. तुमचं बोट द्या.

शोभाताई : नाव तुझं आहे ना, मग बोट माझं चालते?

अदिती : बोट कुणाचंही चालतं. दाबा.

शोभाताई : ...दाबलं. झालं?

अदिती : झालं. आता यमुताईंना फोन लावू द्या मला. नाही, फाउल नाही हा. हॅलो, यमुताई? अदिती बोलतेय. हो, हो, दह्याचं कळलं. एक काम होतं. नुपू झोपलीय, तिच्याकडे नका बघू. पुष्कर एकटाच बसलाय, जेवला नाहीये. त्याला जरा बघून याल का?