जीपचं डावं चाक

...नाई, मले एक सांगा, नट म्हनजे काय हो? लोखंडच ना? मानसानं बनवला, मानसानं आवळला, मंग मानसाच्या हातानं खुलाले त्याले काय होते? अठरा वर्सं झाली, बडनेऱ्याच्या रेल्वे शेडात फिटर हाये मी. देवमन फिटर म्हना, कोनीबी घर दाखवन. इंजिनाचे नट खोलले, डब्याचे खोलले, गंजलेले, चेपलेले, दुसऱ्यायनं हात टेकलेले... एक नट असा नाई का जो मले भारी पडला. अन् त्या जीपच्या चाकानं मले भर सडकेवर चिखलात बसवलं. पन म्याबी ठरवलं. नट हाये, निंघन कसा नाई?

आता तुमी म्हनसान, फिटरले जीप कायले पायजे? तं त्याचं असं झालं, मायी भाची शालू, बहिनीची पोरगी, चांदूर बाजारच्या पोरींच्या शाळेत मास्तरीन लागली. आमच्या अख्ख्या घरान्यात पह्यली. नेमनुकीच्या कागदात साफ लिहिलं होतं, एक जुलैले सकाळी अकराच्या आत रुजू व्हा, नाई तं यादीतलं खालचं नाव घेऊ. शालू बिचारी म्हने, 'मामा, सकाळच्या मोटारीनं जाईन मी.' पन माया अंगात ऐट ना! मास्तरीन होऊन चालली, अन् मोटारीत कोंबड्यायच्या टोपल्यापाशी उभी राहीन? नाई जमत. सडकेचे ठेके घेनाऱ्या गुत्तेदार भगवंतरावची जीप मांगून आनली. त्यायचा डायव्हर तापानं पडलेला. म्या म्हनलं, चालवाले मले येते. भगवंतराव म्हने, 'देवमन, ही गाडी जराशी येगळी हाये बरं.' म्या म्हनलं, 'साहेब, मी इंजिनं खोलतो.' अरे, ऐकून घेतलं असतं तं काय बिघडलं असतं? पन नाई.

वलगाव मांगं पडून लय येळ झाला होता, चांदूर दहाएक मैल राह्यलं असंन, अन् मांगचं डावं चाक फुस्सकन् बसलं. साडेनऊ झाले होते. म्या उतरलो, बाह्या वर केल्या. शालूबी उतराले लागली तं म्या म्हनलं, 'तू बस. पांढरं पातळ हाये तुयं, वंगन लागन.' स्टेपनी होती, पाना होता, जॅक होता. दहा मिनिटाचं काम. पाना लावला, डावीकडं जोर देल्ला. सारी दुनिया जानते, उजवीकडं फिरवलं का नट आवळते, डावीकडं फिरवलं का खुलते. हाललाच नाई. हात चोळले, परत जोर. नाई. पान्यावर पाय देल्ला. नाई. मडगार्ड धरून दोन्ही पायानं उभा राह्यलो अन् उड्या मारल्या. तुमाले सांगतो, जीप हालली, आतमंदी शालू हालली, नट नाई हालला. वरून शालू म्हने, 'मामा, पावनेदहा.' म्या म्हनलं, 'होऊ दे. नट हाये, निंघन कसा नाई?'

तेवढ्यात मांगून बैलबंडी आली. सूर्यभान नावाचा शेतकरी, बंडीत तिफन टाकून पेरनीले चालला होता. थांबला. आता आपल्याकडचा मानूस थांबला का मदत मंग करते, पह्यले बोलून घेते.

'काय झालं जी?'

'चाक बसलं.'

'आमच्या बंडीचं कधी बसत नाई.'

आता याले काय म्हनावं? तरी सांगतलं, का भाची मास्तरीन हाये, अकराच्या आत चांदूरले शाळेत हजर झाली पायजे, नाई तं नोकरी गेली. त्यानं शालूकडं पाह्यलं अन् गपचूप बैल सोडले. म्हने, 'मायी पोट्टी हाये त्याच शाळेत. दोन वर्सं झाली, एक बाई चार वर्ग हाकून राह्यली. सरका.'

मंग काय, दोघंबी पान्यावर चढलो, एकमेकायचे खांदे धरून. कट्टकन् आवाज झाला अन् दोघंबी चिखलात. म्या पडल्या-पडल्या म्हनलं, 'निंघाला!' उठून पाह्यतो तं नट पान्यात, अन् नटात अर्धा बोल्ट. खुलला नाई हो, तुटला. सूर्यभान म्हने, 'पन आला ना बाहेर?' आला बाप्पा. दात काढता काढता जबडा यावा, तसा आला.

अजून चार होते. म्या डोस्कं चालवलं, वरून दाबून तुटते तं खालून वर उचलू. पान्याची दांडी मांगच्या अंगाले, म्हनजे नटाच्या उजवीकडं, घेतली, दोघायनं खाली खांदा देल्ला, फसलेली बंडी उचलते तसा. मानेच्या शिरा फुगल्या, सूर्यभानचं पागोटं सुटलं. 'राहू द्या जी,' तो म्हने, 'हे काई आपल्यानं होत नाई.' म्या म्हनलं, 'होत कसं नाई? नट हाये, निंघन कसा नाई?' पन आवाजात जोर नोता राह्यला. सव्वादहा झाले. तेव्हा मले भेव वाटलं, खोटं नाई सांगत. पोरगी कंदिलापाशी बसून शिकली, अन् मामाच्या ऐटीपायी तिची नोकरी जाते का काय? शालू कागदावरचं 'अकराच्या आत' परत परत वाचून राह्यली. मले शिव्या देल्ल्या असत्या तं बरं झालं असतं. आमी पाना नटावर तसाच सोडून शेताच्या धुऱ्यावर टेकलो.

शालू उतरली, म्हने, 'पायीच जाईन मी.' दोन पावलं गेली, कागद जीपमंदी राह्यला म्हनून परत आली, अन् वर चढाले पान्याच्या दांडीवर पाय देल्ला. दांडी करकरत खाली गेली.

'मामा, हा हालला.'

'आवळला असंन.'

'आवळला नाई. बोटानं फिरून राह्यला.'

म्या जाऊन पाह्यलं. उलट्या आट्या! त्या जीपच्या डाव्या चाकायले उलट्या आट्याचे नट, उजवीकडं फिरवा का खुलते. म्हनजे पाऊन घंटा मी, देवमन फिटर, त्यायले आवळून राह्यलो होतो. अन् लाज सोडून सांगतो, उलट्या आट्या मले का माहीत नाई? डब्याले डबा जोडाचं कपलिंग असते, त्याच्या एका अंगाले उलट्याच आट्या असते. रोज फिरवतो मी! सूर्यभाननं पागोटं बांधलं अन् पाना आपल्याच हातात घेतला. तेच जास्त लागलं.

मंग चारही नट दोन मिनिटात. जॅक लावला तं काळ्या मातीत जीप वर याच्या आंधी जॅकच खाली गेला. सूर्यभाननं बंडीची फळी काढून खाली घातली, चार नटावर चाक चढवलं, अन् जीप अशी हाकली का इचारू नका.

अकराले पाच कमी. हेडमास्तरीन इंदूबाई रजिस्टर उघडून बसलेल्या. शालूनं टाक घेतला. मायी बहीन डोळ्यापुढं आली, जनमभर जिथं तिथं अंगठाच लावला तिनं, अन् तिची पोरगी सही करून राह्यली. छाती अशी भरून आली... अन् खिडकीतून वारा आला, पान उडाले लागलं. म्या झटक्यानं पुढं होऊन पान दाबून धरलं. शालूनं सही केली, मोत्यावानी. म्या हात उचलला. सहीच्या बाजूले, हा एवढा, काळा वंगनाचा अंगठा.

'हा कुणाचा?' इंदूबाई म्हनल्या.

'माया, बाई.'

त्यायनं माया चिखल पाह्यला, वंगन पाह्यलं, फाटलेली बाही पाह्यली. अन् एकदम मऊ आवाजात म्हनल्या, 'लाजू नका. संध्याकाळी आपल्या शाळेत प्रौढांचा वर्ग असतो. महिनाभरात सही येते. आजपासून शालूबाईच घेतील तो.'

शालू खाली मान घालून हासू दाबून राह्यली. आता अठरा वर्सं सही करून पगार उचलनाऱ्या मानसानं काय बोलावं? पन पाऊन घंटा नट आवळल्यावर बोलाले तोंड राह्यते काय? म्या म्हनलं, 'लिहा बाई, वर्गात मायं नाव.'