माळाची माती

मी, सौ. रत्नप्रभा राजाराम मेस्त्री, वय ५४, काम जनावरे राखणे, राहणार आरे कॉलनी, गोरेगाव पूर्व, मूळ गाव तालुका कणकवली, समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

मी व माझे पती एका तबेलामालकाच्या भाकड, म्हणजे दूध आटलेल्या, म्हशी कॉलनीतल्या माळावर चारतो. जागा आमची नाही. पूर्वी तिथे नुसता दगड आणि धूळ होती. काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या श्रुतिका मॅडम आल्या. त्यांच्या सांगण्यावरून माळाचे तारा ओढून भाग केले. एका भागातले गवत बुडापर्यंत खाल्ले जायच्या आत म्हशी पुढच्या भागात न्यायच्या, मागचे वाढू द्यायचे. गवत हवेतला कार्बन मुळांवाटे जमिनीत नेऊन साठवते, असे मॅडम सांगायच्या. यंदा माती काळी आणि हाताला मऊ झाली होती. चारा उन्हाळ्यातही पुरत होता.

सोमवारी सकाळी जेसीबी व डंपर आले. किरण नावाचा मुकादम म्हणाला, "मुलुंडला सोसायटीचं गार्डन करायचंय, वरची माती पायजे." परवानगी आहे का, असे मी विचारले. तो म्हणाला, "काकी, मातीच आहे ना? दुसरी टाकून देतो." माझे पती मशीनपुढे बसले. दोघांनी त्यांना उचलून झाडाखाली ठेवले. मारहाण झाली नाही. मी मॅडमना फोन केला. त्यांनी विचारले, "किती खोल काढली?" मी म्हटले, गुडघाभर. त्या म्हणाल्या, "मातीत साठलेलं ते आता परत नाही येणार हो, काकी."

दुपारी त्या जागी तोडलेल्या इमारतीचे डेब्रिज टाकले.

चोरीस गेलेल्या मालाची किंमत काय, असे मला इथे विचारले. मला सांगता आली नाही.

मंगळवारी तबेलामालक आले व विकतचा चारा घालून भाकड जनावरे पोसणे परवडत नाही, देवनारच्या कत्तलखान्यात पाठवतो, असे म्हणाले. माझे पती म्हणाले, "पावसापर्यंत तरी ऱ्हवांदेत, शेट." मालक म्हणाले, "राजाराम, मी तरी काय करू?"

आज सकाळी टेम्पो आला. म्हशी दुसऱ्या कुणाच्या हाताने फळीवर चढेनात. म्हणून माझ्या पतींनीच एकेकीला नावाने हाक मारून वर चढवले.

ते माझ्यासोबत इथे आलेले नाहीत.

वरील मजकूर हवालदारांनी मला वाचून ऐकवला. मी बोलले तेच त्यात आहे, म्हणून खाली सही करते.