एका मोज्याले सव्वा माळ

नाही, मी म्हणते, मोजाच ना तो? पायात घालायचा मोजा! मग तो घालाले दोन माणसं काहून लागावी? तुम्हाले सांगते, आमचे हे पलंगावर आडवे, पाय छताकडे, आणि मी खाली पदर खोचून, हातात भांडी घासायचे रबरी हातमोजे घालून... हो, हातमोजे घातल्याशिवाय तो पायमोजा सरकतच नाही, हे आमच्या उल्कानं मोबाइलवर पाहून सांगितलं... तर अशी ओढून राहिली, अशी ओढून राहिली, की विहिरीत पडलेला हंडा काढून राहिली की काय! एका मोज्याले एक माळ लागते. जपाची माळ हो! मी घड्याळ पाहत नाही, ओढता ओढता नाव घेते देवाचं, त्याच्यावरून समजते. उजव्या पायाले एक माळ, डाव्याले सव्वा, काहून की डावी पोटरी जरा... भरलेली आहे. चातुर्मासातही इतका जप झाला नव्हता माझा!

आता हे खूळ आलं कुठून? मंत्रालय नव्या रायपूरले गेलं ना, तिथून. आधी ऑफिस गावात होतं, गुढियारीतल्या घरून स्कूटरनं जायचे, दुपारी घरी येऊन गरम पोळी खायचे. आता बसनं जा, बसनं या, मधात खुर्चीवर बसा. पोट वाढलं. आणि तिकडचे रस्ते कसे, तुम्ही पाहिलेच असतील, एवढे रुंद अन् एवढे रिकामे की समोरून येणारा माणूस दहा मिनिटं आधी दिसते! ते रिकामे रस्ते पाहून मोठे साहेब पळाले लागले. साहेब पळाले म्हणून छोटे साहेब पळाले. छोटे साहेब पळाले म्हणून आमचे हे! वय चोपन्न! वर ते श्यामराव, रेल्वेतून रिटायर झालेले, त्यांनी पळणाऱ्यांची टोळी काढली, नव्या रायपूरच्या दौडीत ह्यांचं नाव टाकलं अन् ह्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "यशवंतराव, एकवीस किलोमीटर म्हणजे काहीच नाही हो! एक पाय झाला की दुसरा टाकायचा!" मी म्हणते, असं तर काशीलेही जाता येते.

मग आले मोजे. गुडघ्यापर्यंत, पोपटी रंगाचे! मी सहज म्हटलं, "अहो, मोजेच पाहिजे तर सदर बाजारातून आणते ना चार जोड्या." तर हे असे पाहाले लागले माझ्याकडे, जसं मी देवळात चप्पल घालून शिरली. "मोजे नाही म्हणायचं याले. कम्प्रेशन आहे हे! धावताना रक्त खाली पोटरीत साचते, हा त्याले दाबून वर पाठवते. धावताना ताकद, धावल्यावर आराम!" आणि आराम म्हणजे कसा? रविवारी सकाळी चौदा किलोमीटर पळून आले की दुपारभर मोजे घालूनच निजायचं. साक्षात शेषशायी! मी म्हटलं, मी बसते ना लक्ष्मीसारखी पाय चेपत. "नको, मोजा दाबून राहिला." चला, तीस वर्षांची सेवा गेली मोज्याकडे!

उल्का आमची कॉलेजात आहे, मराठी सगळी समजते पण बोलते हिंदीत. ती मोबाइल घेऊन आली. "पापा, इसमें लिखा है, स्पीड में कोई खास फर्क नहीं पड़ता. बाद में दर्द थोड़ा कम लगता है, वो भी किसी-किसी को." हे चिडले. "ज्याचा विश्वास नाही त्याले फरक पडत नाही!"

ऐका! ऐका बायांनो! हेच वाक्य मी सोळा सोमवारांच्या वेळी म्हटलं होतं तर हेच गृहस्थ हसले होते, "उपाशी राहून कुठं काही होते का" म्हणून! पण तुम्हाले सांगते, मले राग नाही आला. उलट बरं वाटलं. म्हटलं, चला, शेवटी ह्यांनीही एक व्रत धरलं. नेमानं घालायचं, नेमानं काढायचं, कोणी हसलं तरी सोडायचं नाही, अन् फळाची वाट पाहायची. व्रत म्हणजे आणखी काय असते?

मग माझंही काही कर्तव्य आहे का नाही? दौडीच्या दोन दिवस आधी मी महामायेच्या देवळात गेली आणि संकल्प सोडला : आई, हे एकवीस किलोमीटर पळून त्या शेवटच्या रेषेवरून जातील तेव्हाच मी पाणी पिईन. दौडीच्या दिवशी उठल्यापासून तोवर निर्जळी! संकल्पाची सुपारी लाल कपड्यात बांधून घेतली. आता ही सुपारी ज्याच्यासाठी संकल्प त्याच्या अंगावर पाहिजे, ही आमच्या माहेरची रीत. पण ह्यांना सांगावं तर, "एक ग्रॅमभरही जास्त वजन नको!" अंगठी काढून ठेवली, जानवं कसंबसं राहिलं. चड्डीले खिसा नाही! सांगा, विना खिशाची चड्डी घालून माणूस सुपारी ठेवेल कुठं? मी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं... आणि मले तो मोजा दिसला. इतका घट्ट, की त्यातून मुंगी बाहेर पडणार नाही. ओढणारी मीच. आणि पोटामुळे ह्यांना स्वतःची पोटरी दिसत नाही, हे तर मले माहीतच! पहाटे सव्वा माळ झाली आणि डाव्या मोज्यात, बरोबर पोटरीवर, सुपारी बसली.

हे उभे राहिले. दोन पावलं चालले. थांबले. म्हटलं, सापडली सुपारी! तर चेहरा असा उजळला, म्हणाले, "आज डावा मोजा जबरदस्त दाबून राहिला. काम करून राहिला, काम!"

मी पटकन हातमोजे पिशवीत भरले अन् चपला घातल्या.

सहा वाजता दौड सुटली. नऊपर्यंत यायचं, नऊले गेट बंद! आणि मागून एक गाडी येते म्हणे, जे राहिले त्यांना उचलून आणते. हे मले तिथं गेल्यावर समजलं. झाली ना पंचाईत! काहून की मी देवीले काय म्हटलं होतं? रेषेवरून पळून जातील तेव्हा पाणी पिईन. अन् हे गाडीत बसून आले तर? रेषा तर राहिलीच! मग मी पाणी प्यावं कधी? जन्मभर नाही? सकाळपासून थेंब नाही तोंडात, आणि तिथल्या पाणी वाटणाऱ्या पोट्ट्या काही ऐकत नाहीत, "आंटी, पानी लो ना! आंटी, ग्लुकोज लो! आंटी, केला?" मी म्हणते, बेटा, मेरा आदमी आने दो. तर त्या म्हणतात, "आंटी, कितनी क्यूट हो!"

सव्वाआठले श्यामराव आले. पायात जुने सुती मोजे, एकाले भोक! हसत आले, केळं खाल्लं, गप्पा मारत बसले. साडेआठ. आमचे नाही. पावणेनऊ. आमचे नाही. मग त्या लांबलचक रस्त्यावर एक पोपटी ठिपका दिसला. तोच! अन् ठिपक्याच्या मागे गाडी! एवढी हळू येऊन राहिली होती, जसं नवरदेवाच्या मागे बँड.

आणि पाहता पाहता ठिपका खाली बसला.

तुम्हाले सांगते, मी चप्पल सोडली, निऱ्या धरल्या, आणि धावली. मी! जी दूध उतू गेलं तरी चालत जाते! मागून उल्का ओरडून राहिली, "मम्मी, रुको, गिर जाओगी!" मी पोचली तर हे रस्त्याच्या कडेले बसून डावा मोजा ओढून राहिलेत. मोजा जागचा हलेल तर शपथ! घामानं तर तो आणखी चिकटला होता. "अगं, काढ हा! पोटरीत खिळा ठोकल्यासारखं होऊन राहिलं. पाचव्या किलोमीटरपासून! मले वाटलं काम करून राहिला, पण आता पायच राहिला नाही!"

गाडीवाला खिडकीतून म्हणते, "भैया, बैठ जाओ आराम से."

माझ्या जिभेवर आलं होतं, की मोजा नाही हो, सुपारी आहे ती! पण गेट बंद व्हायले सात मिनिटं होती, आणि त्या मोज्याले सव्वा माळ, म्हणजे दहा मिनिटं तरी. हिशेब तुम्हीच करा! इथं काढत बसलो असतो तर सुपारी निघाली असती, नऊ वाजले असते, हे गाडीत बसले असते, आणि मी तहानेनं गेली असती. मी मन घट्ट केलं. म्हटलं, "इथं नाही निघणार. हातमोजे तिथं पिशवीत आहेत, रेषेच्या पलीकडे. तिथं या, काढून देते."

आणि काय सांगू! हे उठले. एकदा मोज्याकडे पाहिलं, एकदा रेषेकडे, आणि असे सुटले, असे सुटले, लंगडत, ओरडत, पण वाऱ्यासारखे! लग्नात मंगलाष्टकं संपताना अक्षता टाकतात ना, तसे लोक टाळ्या वाजवून राहिले. नऊले एक मिनिट कमी होतं तेव्हा रेषा ओलांडली अन् धपकन पडले, पाय वर करून : "काढ!"

मी पाणी प्याली का? कुठलं! आधी हातमोजे. श्यामरावांनी चहाचा कप बाजूले ठेवून ह्यांचे खांदे धरले, मोजा मी धरला, माझी कंबर उल्कानं धरली. एक, दोन, तीन! मोजा निघाला आणि सुपारी सुटली ती थेट श्यामरावांच्या चहात, टुब्ब!

सगळे गोळा झाले. ह्यांच्या पोटरीवर हा असा गोल, खोल, लालबुंद खड्डा. श्यामराव चहात बोट घालून सुपारी काढून म्हणतात, "वहिनी, हे काय आहे?"

आता मात्र मले राहवलं नाही. डोळ्याले पाणीच आलं. सगळं सांगून टाकलं. संकल्प, निर्जळी, विना खिशाची चड्डी, सगळं. म्हटलं, आता काय बोलायचं ते बोला, चुकलंच माझं.

ह्यांनी आधी स्वतःच्या हातानं मले पाणी पाजलं, ते मी विसरणार नाही. मग खड्ड्यावर बोट फिरवत बसले. मग उल्काले विचारलं, "शेवटचा टप्पा किती मिनिटात आला?" ती मोबाइलवर दौडीच्या वेळा पाहून म्हणते, "पापा, पूरी रेस में सबसे फास्ट वही था!"

झालं! चेहरा पुन्हा तसाच उजळला. घरी येईपर्यंत बसमध्ये तिकिटाच्या मागे लिहून राहिले. म्हणाले, "आता हे नीट तपासावं लागेल. एकदा सुपारी डाव्या मोज्यात, एकदा उजव्या, एकदा दोन्हीत, आणि एकदा नुसताच मोजा. तेव्हा समजेल की मोज्यानं झालं की सुपारीनं. चार रविवार, एकवीस-एकवीस किलोमीटर!" मी म्हटलं, बरं, पळा तुम्ही. तर म्हणतात, "आणि तुझी निर्जळीही तशीच पाहिजे. तपासणीत बाकी सगळं सारखं ठेवावं लागते."

आता काय करता! घरी येऊन मी कॅलेंडर काढलं, चष्मा लावला अन् चारही रविवार पाहिले. एका रविवारी एकादशी येते. तेवढाच एक उपास वाचला.