साहेबांचं अर्धं वाक्य

प्लंबरच्या गालाचा पार भोपळा झाला होता. हसलं तरी कळ थेट मस्तकात जायची. आणि दाताच्या दवाखान्यात नेमके त्याच्याच शेजारी येऊन बसले एका कारखान्यातले म्हातारे दुभाषे आणि त्यांची भाची.

“मामा, जर्मन साहेबांचा फोन आला होता ना? मला नोकरीवर घेतलं का?”

“ते म्हणाले, ‘तुमच्या भाचीला मी आज...’ तेवढ्यात मी आभार मानून फोन ठेवला.”

“पुढचं ऐकलंच नाहीत? घेतलं की नाकारलं, ते जर्मनमध्ये अगदी शेवटी कळतं.”

“तीस वर्षं ऐकतोय गं त्यांना. सुरुवात झाली की शेवट मला पाठ असतो.”

“मागे ‘यंत्राला उद्या’ एवढं ऐकून तुम्ही तेल घालायला सांगितलंत. ते यंत्र भंगारात काढायचं होतं.”

“दर खेपेला तेलच घालायला सांगतात. भंगारवाला बघ किती खूश झाला.”

प्लंबरने दोन्ही हातांनी गाल धरला.

“व्याकरण म्हणून काही असतं, मामा.”

“ते नवख्यांना लागतं.”

इतक्यात मामांचा फोन वाजला. भाचीने तो त्यांच्या हातातून काढूनच घेतला आणि बराच वेळ नुसती ऐकत राहिली.

“काय म्हणतात?”

“मला घेतलंय. तुमच्या जागी.”

“आणि मला?”

“थांबा जरा, ते वाक्य अजून चाललंय.”