पेलिकन कुठे जातात

कॅनडातल्या सास्काटून शहरात बसथांब्यावर जोआनच्या शेजारी एक म्हातारं जोडपं बसलं होतं.

"ओरेस्त, आज संग्रहालय बघूया?"

"जुने ट्रॅक्टरच ना? जन्मभर तेच हाकले."

"मग नदीतली बोट?"

"मारुस्या, मला घरी जायचंय."

"घर कुठलं आता? शेतासकट विकलंय ना आपण."

जोआनची बस आली. ती चढली नाही.

"बरं, आपल्या गव्हाच्या शेतावरून रोज सकाळी पेलिकन पक्षी उडत जायचे, आठवतं?"

"चाळीस वर्षं पाहिले. कुठे जायचे, देव जाणे."

"इथे यायचे. नदीच्या बंधाऱ्यापाशी उतरतात, तासन्‌तास पाण्यावर तरंगत राहतात."

ओरेस्तने मान वर करून आकाशाकडे पाहिलं.

"आपलेच?"

"आपलेच."

"मग तिकडे कुठली बस जाते?"